रिकाम्या जिनिंगचा फोटो

माणसांचे फोटो काढणारे नागपुरात पुष्कळ होते. मी इमारतींचे काढत असे. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुपफोटो हेही केलं, पोटासाठी ते सुटत नाही. पण कुणाला इमारतीचा नीट फोटो हवा असला की सीताबर्डीवरचे इतर स्टुडिओवाले त्याला माझ्याकडे पाठवत. "भोयरकडे जा, त्याचे खांब सरळ येतात," असं सांगत. या अंकाच्या संपादकांनी मला त्याच कामाबद्दल लिहायला सांगितलं. जुन्या जिनिंग, तेलाच्या गिरण्या, डाळीचे कारखाने बंद पडले, त्यांची सिनेमागृहं, शाळा, मंगल कार्यालयं झाली. तुम्ही ते सगळं कॅमेऱ्यातून पाहिलंत, त्यातल्या गमती लिहा, असं ते म्हणाले. गमती आहेत, त्या आधी सांगतो. नंतर जे सांगायचं आहे ती गंमत नाही, आणि खरं तर तेवढ्यासाठीच मी लिहायला हो म्हटलं.

साठ ते ऐंशी या वीस वर्षांत नागपूर चारी बाजूंनी पसरलं. पूर्वी गावाबाहेर असलेले कारखाने वस्तीच्या मधोमध आले. त्याच सुमारास कुणाची यंत्रं जुनी झाली, कुठे भावाभावांत वाटण्या झाल्या, कुठे धंदाच दुसऱ्या गावी गेला. इमारती मात्र मजबूत होत्या. छपराला लोखंडी कैच्या आणि हातभर जाडीच्या विटांच्या भिंती. पाडण्यापेक्षा त्यातच नवं काही सुरू करणं लोकांना सोयीचं वाटे. असा बदल करायचा म्हटला की फोटो लागत. बँकेला लागत, महापालिकेच्या फायलीला लागत, आणि उद्घाटनाच्या स्मरणिकेत 'पूर्वीचे रूप' आणि 'आजचे रूप' असे शेजारी शेजारी छापायला तर हवेतच.

माझा कॅमेरा लाकडी पेटीचा होता. पुढे भिंग, मागे दुधी काच, दोन्हींच्या मध्ये भाता, आणि डोक्यावर घ्यायला काळं कापड. काचेवर चित्र उलटं दिसतं, छप्पर खाली आणि जमीन वर. साध्या कॅमेऱ्यानं उंच इमारत काढली तर तिचे खांब वर जाताना एकमेकांकडे झुकतात. माझ्या कॅमेऱ्याचं भिंग वर सरकवता यायचं, म्हणून माझे खांब ओळंब्यात राहायचे. त्याचा मला गर्व होता, आणि खोटं कशाला बोलू, अजूनही आहे.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाला माहीत नसते. बंद कारखान्यात उजेड फार कमी. तिथं भिंगाचं तोंड बारीक करून मिनिट, दोन मिनिटं उघडं ठेवावं लागायचं. तेवढ्या वेळात जे जागचं हलत नाही ते फिल्मवर उमटतं. कुणी मधून चालत गेलं तर त्याचा मागमूससुद्धा राहत नाही.

एका तेलाच्या गिरणीचं सिनेमागृह झालं. मालक हौशी माणूस. स्मरणिकेसाठी बाहेरून फोटो काढला, तर त्यांना त्यातलं धुराडं नको. मी म्हटलं, धुराडं तर उभंच आहे. ते म्हणाले, "असू द्या ना. पिक्चर पाहाले आलेल्या माणसाले तेलाची आठवण काहून द्यायची?" मी निगेटिव्हवरचं धुराडं पात्यानं खरवडलं आणि पेन्सिलीनं तिथं आकाश भरलं. काम इतकं सफाईदार झालं की मीच खूश. उद्घाटनाच्या दिवशी एक पाहुणे स्मरणिका हातात धरून अंगणात उभे होते. एकदा पानाकडे बघत, एकदा वर. शेवटी त्यांनी शेजारच्याला विचारलं, "हे धुराडं आत्ताच बांधलं का?"

दुसरी एक डाळीची गिरणी होती, तिथं मुलींची शाळा भरू लागली. मार्च-एप्रिलात भिंती तापल्या की सगळ्या वर्गांत तुरीच्या डाळीचा वास सुटायचा. मुली मला म्हणाल्या, दुसऱ्या तासापासून भूक लागते. मुख्याध्यापिका शिस्तीच्या. कॅमेरा लावून झाल्यावर त्यांनी गंभीरपणे विचारलं, "वास फोटोत येत नाही ना?" मी नाही म्हटलं. "मग काढा," त्या म्हणाल्या.

असं ते काम होतं. धुराडं पुसलं तेव्हा मी हसलो होतो. फोटोतून काहीतरी काढून टाकायची सवय मला तिथंच लागली असावी, असं आता वाटतं.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. शहराच्या पूर्व टोकाला, रेल्वेलाइनच्या पलीकडे एक जिनिंग होती. ज्यांनी जिनिंग पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: शेतातून आलेल्या कापसातून सरकी वेगळी काढायची आणि राहिलेली रुई दाबून तिच्या गाठी बांधायच्या, हे तिथलं काम. सरकी काढायचं यंत्र म्हणजे रेचा. रेच्यांवर बहुतेक बाया असत, गाठी बांधायला पुरुष. ही जिनिंग बंद होऊन सात-आठ वर्षं झाली होती. मूळ मालक वारले होते. त्यांचे चिरंजीव विनायकराव माझ्याच वयाचे, पुण्याला शिकून आलेले, बोलायला मऊ. त्यांना तिथं मंगल कार्यालय काढायचं होतं.

"भोयर, मला फक्त इमारत पाहिजे," ते म्हणाले. "माणूस नको. एक खाट, एक गाडगं दिसायला नको. महापालिकेला दाखवायचं आहे."

इमारतीच्या फोटोत माणसं नसतातच, त्यामुळे मला त्यात वावगं वाटलं नाही. कॅमेरा, तिपाई सायकलला बांधून मी सकाळी नऊच्या सुमारास पोहोचलो. गाठींच्या मोठ्या शेडमध्ये शिरलो तर तिथं चुली पेटलेल्या.

तीन कुटुंबं राहत होती. जिनिंग बंद झाली तेव्हा म्हाताऱ्या मालकांनीच त्यांना सांगितलं होतं, इथंच राहा, राखण होईल. कागद वगैरे काही नव्हता. त्यांतलं एक कुटुंब लक्ष्मण मेश्रामचं. लक्ष्मण प्रेसवर गाठी बांधायचा. त्याची बायको सगुणाबाई रेच्यावर होती. रेखा नावाची दहा वर्षांची मुलगी आणि लक्ष्मणची आई. तिला सगळेच माय म्हणत. बाकीची दोन कुटुंबं सकाळीच कामावर गेली होती, त्यांचं सामान तेवढं होतं.

सगुणाबाई पुढे आली. "काय करून राहिले भाऊ?"

"शेडचा फोटो काढायचा आहे. विनायकरावांनी सांगितलं."

"काहून?"

"हॉल होणार आहे ना इथं, त्यासाठी."

ते त्यांना ठाऊक होतं. लक्ष्मण म्हणाला, "हो, मले बोलले मालक. हॉल झाला का चौकीदारी तुलेच देतो म्हणे." तो खुशीत होता. मी त्याला म्हटलं, फोटोत सामान यायला नको, खाटा हलवाव्या लागतील. "हलवतो ना, त्यात काय," असं म्हणून त्यानं एकट्यानं सात खाटा उचलून मागच्या भिंतीपलीकडे नेल्या. वाळत घातलेले कपडे काढले, दोऱ्या सोडल्या. सगुणाबाईनं चुली विझवल्या, भांडी उचलली. मग तिनं शेडभर झाडू मारला. कैच्यांवर अजून जुन्या रुईचे धागे लोंबत होते, झाडताना ते उडायला लागले म्हणून तिनं पाण्याचा सडा टाकला. फोटो चांगला यावा म्हणून. मी काळ्या कापडाखालून पाहत होतो. काचेवर एक-एक वस्तू निघून जात होती आणि चित्र सुंदर होत होतं.

राहिली होती फक्त माय. ती जमिनीवर गोधडी टाकून बसली होती.

"मायले उठवता येत नाई भाऊ," लक्ष्मण म्हणाला. "पायातलं बळच गेलं तिच्या."

"राहू द्या," मी म्हटलं, आणि कॅमेरा दोन पावलं डावीकडे घेतला. माय आणि कॅमेरा यांच्यामध्ये एक रुंद खांब आला. ती दिसेनाशी झाली.

पहिला फोटो सुरू असताना मायनं पाणी मागितलं. सगुणाबाई पेला घेऊन कॅमेऱ्यासमोरून गेली आणि मध्येच दचकून थांबली. "मी आली का फोटोत?"

"नाही बाई, चालत राहा. हलतं ते या कॅमेऱ्यात येत नाही."

ती हसली. "मग आमचा तं कवाच फोटो येनार नाई. आमी बसतो कवा एका जागी?"

त्या कॅमेऱ्यात एका फिल्मवर एकच फोटो निघायचा. चार फिल्म झाल्या. एक उरली. लक्ष्मण संकोचत म्हणाला, "भाऊ, आमचा एक काढता का? मायचा फोटोच नाई एकबी." त्यांनी इतकं काम केलं होतं, नाही कसं म्हणणार? खाटा परत आल्या, माय खाटेवर बसली. मागे दोरी बांधून कपडे टाकले गेले, कारण रेखाला नवा फ्रॉक फोटोत दिसायला हवा होता आणि तो धुतलेला ओला होता. चुलीशी भांडी, कोपऱ्यात दळणाचा डबा. मी फ्लॅशचा बल्ब लावला आणि सगळ्यांना एक क्षण हलू नका म्हणून सांगितलं. निघताना कबूल केलं, एक कॉपी आणून देईन.

आठवड्यानं विनायकराव स्टुडिओत आले. रिकाम्या शेडचे फोटो त्यांनी उजेडात धरून पाहिले. "वा," ते म्हणाले. खाली पाचवा फोटो होता. तो त्यांनी बराच वेळ पाहिला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"हा कशाला काढला?"

"त्यांनीच म्हटलं म्हणून."

"हा कोणाला देऊ नका." मग आवाज न चढवता म्हणाले, "भोयर, हॉल झाला की तिथली सगळी लग्नं तुमची. दुसरा फोटोवाला आत येणार नाही. माझा शब्द."

त्या काळी माझ्याकडे वर्षात इमारतींची कामं किती असत? बाकीचे दिवस मी स्टुडिओच्या दारात बसून रस्ता बघत असे. मुलगी शाळेत जायला लागली होती. पण ही कारणं मी नंतर जमवली. त्या क्षणी मी विचार करायला एक दिवसही मागून घेतला नाही. फोटो आणि निगेटिव्ह एका पाकिटात घातली आणि "बरं" म्हटलं.

पाच-सहा महिन्यांनी मला कोर्टाचं बोलावणं आलं. तेव्हा कळलं की शेड खाली करा असं विनायकरावांनी त्या तीन कुटुंबांना सांगितलं, आणि त्यांनी दावा लावला. त्यांचं म्हणणं, आम्ही जिनिंग बंद झाल्यापासून मालकांच्या परवानगीनं राहतो. विनायकरावांचं म्हणणं, शेड रिकामी होती, ही मंडळी अलीकडे घुसली. पुरावा म्हणून माझे फोटो. मागे माझा शिक्का आणि माझ्या हातानं घातलेली तारीख.

विनायकरावांचे वकील मला म्हणाले, "तुम्हाला खोटं काहीच बोलायचं नाही. फोटो तुम्ही काढला का, तारीख बरोबर का, एवढंच." हे ऐकून मला बरं वाटलं होतं. खोटं बोलायचं नाही, म्हणजे मी सुटलो असं वाटलं.

साक्षीच्या दिवशी ते सगळे मागच्या बाकावर होते. सगुणाबाईनं मला पाहून ओळखीचं हसू केलं. माझी साक्ष त्यांच्या बाजूची होईल अशी तिची खात्री असावी. मी तिथं गेलो होतो, चुली पाहिल्या होत्या, त्यांच्या घरचं पाणी प्यालो होतो.

फोटो मी काढला, तारीख खरी, निगेटिव्हमध्ये काही फेरफार नाही, हे सांगून झालं. मग त्यांचा वकील उठला. तरुण होता, कोट मोठा होत होता त्याला.

"तुम्ही फोटो काढला तेव्हा शेडमध्ये कोणी राहत होतं का?"

मी म्हटलं, "मी इमारतीचा फोटो काढायला गेलो होतो. फोटोत जे दिसतं तेच तिथं होतं."

"माणसं नव्हती?"

"फोटोत नाहीत."

त्यानं हातातल्या कागदाकडे पाहिलं. लक्ष्मणनं त्याला सांगितलेलं असणार. "त्याच दिवशी तुम्ही या लोकांचा, त्यांच्या सामानासह एक फोटो काढला होता. बरोबर?"

कोर्टात पंखा फिरत होता. मी विनायकरावांकडे पाहिलं नाही, मागच्या बाकाकडेही नाही. समोरच्या टेबलावर माझाच फोटो पडला होता, आणि त्यातला तो खांब मला दिसत होता.

"नाही," मी म्हटलं. "असा फोटो काढला नाही."

इतकंच. दोन-तीन शब्दांचं काम. वकिलानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हटलं. त्याच्यापाशी दाखवायला काही नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात मला त्यांच्या समोरूनच जावं लागलं. मला वाटलं लक्ष्मण अंगावर येईल, शिव्या देईल. मला ते बरं वाटलं असतं. तो भिंतीला टेकून उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. तो बायकोला सांगत होता, "मीनंच उचलल्या वं खाटा. सोताच्या हातानं उचलल्या."

सगुणाबाई म्हणाली, "गप राहा तुमी. तुमाले काय माईत होतं?"

मी जिन्यानं खाली उतरलो.

निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. माझ्या फोटोमुळेच गेला असं विनायकरावांच्या वकिलांनी मला कौतुकानं सांगितलं. शेड खाली करताना मी पाहायला गेलो नाही. ऐकलं ते एवढंच की पोलिस आले होते, मारझोड वगैरे काही झाली नाही, लक्ष्मणनं मायला पाठीवर घेतलं आणि ते बैलगाडीनं पारशिवनीकडे, सगुणाबाईच्या माहेरगावी गेले.

मंगल कार्यालय फार देखणं झालं. विनायकरावांनी शब्द पाळला. पुढची बारा वर्षं त्या हॉलमधली बहुतेक लग्नं मी काढली. घरावर दुसरा मजला चढला. हॉलच्या दाराशीच त्यांनी माझा तो रिकाम्या शेडचा फोटो मोठा करून, फ्रेम लावून टांगला होता. खाली 'पूर्वीचे रूप' अशी अक्षरं. लोक थांबून बघत. एकदा लग्नाला आलेले मुंबईचे कुणी आर्किटेक्ट त्यापुढे दहा मिनिटं उभे राहिले. फोटो कुणी काढला म्हणून चौकशी करून मला शोधत आले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "काय शांतता आहे हो त्या फोटोत." मी आभार मानले. दुसरं काय करणार?

त्या खांबाला आता पांढरा रंग होता, मुहूर्ताच्या वेळी त्यावर फुलांच्या माळा चढत. वधूवरांना लोक तिथंच उभं करायला सांगत, कारण मागची बाजू सुंदर दिसे. मी कॅमेरा लावला की मला त्या खांबाच्या पायाशी पाहावं लागे. तिथं कुणी बसलेलं नाही याची खात्री करून घेतल्याशिवाय माझ्याकडून बटण दाबलं जात नसे. हे मी कुणाला सांगितलं नाही. वऱ्हाडी घाई करत, "काय झालं भाऊ, काहून थांबून राहिले?" मी उजेडाचं निमित्त सांगत असे.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा विनायकराव स्वतः घरी आले आणि म्हणाले, हॉल आपलाच आहे. बायको हरखली. मी नको म्हटलं. का नको, हे मला सांगता येईना. हॉल फार मोठा आहे, आपली माणसं थोडी, असं काहीतरी बोललो. तिला ते पटलं नाही.

त्याच दिवाळीत स्टुडिओ आवरायला बायको आली होती. कपाटातली पाकिटं झटकता झटकता तिच्या हाती ते पाकीट लागलं. तिनं फोटो बाहेर काढला.

"हे कोण आहेत? छान आला आहे की. कुणाला द्यायचा राहिला का?"

मी बसलो आणि तिला सगळं सांगितलं. वीस-बावीस वर्षांच्या संसारात तिच्यापासून लपवलेली ही एकच गोष्ट. ती ऐकत असताना हातातल्या फडक्याच्या घड्या घालत होती. माझं संपल्यावर तिनं फक्त एवढं विचारलं, "कोर्टात बोलले ते बोलले. पण नंतर त्याहीले नेऊन काहून नाही दिला?"

दुसऱ्या दिवशी मी निगेटिव्ह घेऊन अंधाऱ्या खोलीत गेलो आणि तिची मोठी प्रत केली. इतक्या वर्षांत ती निगेटिव्ह मी पहिल्यांदाच उजेडाखाली धरत होतो. ताटलीतल्या रसायनात कागदावर आधी ओला फ्रॉक उमटला, मग लक्ष्मणचे डोळे, मग माय.

त्यांना शोधायला फार त्रास पडला नाही. त्या तीन कुटुंबांपैकी एका घरचा माणूस हॉलजवळच उसाचा रस विकायचा. मी त्याला रोज पाहत होतो, त्यानंही मला पाहिलेलं होतं, आम्ही कधी बोललो नव्हतो. त्यानं चरक फिरवता फिरवता पत्ता सांगितला. लक्ष्मण गावी गेल्यावर तीन वर्षांत वारला. छातीत रुई बसली होती, दम लागायचा. माय त्याच्याही आधी गेली. सगुणाबाईनं मजुरी करून पोरीला शिकवलं. पोरगी मास्तरीण झाली, नंदनवन वस्तीत राहते, आईला तिनं आपल्याकडे आणलं.

दुपारी चारच्या सुमारास मी गेलो. दार रेखानं उघडलं. शाळेतून नुकतीच आलेली दिसत होती, खांद्यावर पिशवी तशीच. मी म्हटलं, "मी फोटोग्राफर. जिनिंगमध्ये एकदा तुमचा फोटो काढला होता." तिला आठवलं. "माझा फ्रॉक ओला होता," ती म्हणाली, आणि मला आत घेतलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली टेबलावर तपासायच्या वह्या. सगुणाबाई आतून आल्या. केस पूर्ण पांढरे. त्यांनी मला पाहताक्षणी ओळखलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

मी पाकीट पुढे केलं. रेखानं फोटो काढला आणि खाली बसली.

"आई, बाबा आहेत वं," ती म्हणाली. नंतर मला सांगितलं, "सर, आमच्याकडे बाबांचा एकसुद्धा फोटो नाही. माझ्या लग्नात तसबीर ठेवायला पाहिजे होती तर नव्हती."

सगुणाबाईंनी फोटो हातात घेतला. चष्मा नव्हता, म्हणून लांब धरला. "माय किती वाळून गेली होती," त्या म्हणाल्या. मग बोटानं एक-एक दाखवत गेल्या. ही चूल. हा डबा तर अजून आहे. ही खाट गावी नेली होती.

रेखा विचारात पडली होती. शिक्षिकाच ती. थोड्या वेळानं तिनं साधेपणानं विचारलं, "सर, आमची केस चालली तेव्हा हा फोटो नव्हता का तुमच्याकडे?"

मी तोंड उघडलं. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. रस्ताभर वाक्यं जुळवली होती.

"तवा सापडला नसन त्याहीले," सगुणाबाई म्हणाल्या. फोटोवरून नजर न काढता म्हणाल्या. "इतके फोटो असतेत त्याहीच्या जवळ. आता सापडला तं आणून देला."

रेखानं माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हटलं. "आत्ता सापडला."

तिनं माझे आभार मानले. चहा केला. मी तो प्यालो. तिचा नवरा हिंगण्याच्या कारखान्यातून पहिली पाळी संपवून आला, त्यालाही तिनं फोटो दाखवला, आणि त्यानं मला मोटरसायकलनं स्टुडिओपर्यंत सोडतो म्हणून आग्रह केला. मी बसनं जातो म्हटलं.

सगुणाबाई फाटकापर्यंत आल्या. तिथं त्या हळू आवाजात बोलल्या. "तिचा बाप मरेपर्यंत म्हणत होता, माह्यानं झालं. मले सगळं समजत होतं भाऊ. पन तिले काई सांगू नका. आता बाप भेटला तिले. त्या फोटोकडे तिले नीट पाहू द्या."

मी मान हलवली. माफी मागायचं तेवढ्यात राहून गेलं. खरं म्हणजे राहून गेलं असं नाही. त्यांनी ती मागायची वेळ येऊ दिली नाही, आणि मला त्याचं हायसं वाटलं. बसमध्ये बसल्यावर त्या हायसं वाटण्याचीच जास्त लाज वाटली.

त्यानंतर त्या हॉलची कामं मी घेतली नाहीत. विनायकरावांना वाटलं, वयामुळे.

सगुणाबाई मागच्या उन्हाळ्यात गेल्या. त्यांनी सांगितलेलं मी त्या असेपर्यंत पाळलं. हे पुढे चालवावं की नाही, यावर माझं आणि बायकोचं वर्षभर बोलणं झालं. तिचं म्हणणं, वारलेल्या बाईला दिलेला शब्द मोडू नका. माझं म्हणणं, रेखाताईंनी मला विचारलं होतं, मला, आणि त्यांना मी दिलेलं उत्तर खोटं आहे; त्यांचे वडील अजूनही विनाकारण दोषी राहिले आहेत. मी चूक करत असेन, पण लिहितो आहे. हा अंक त्यांच्या शाळेत येतो, एवढं मला माहीत आहे.

रेखाताई, तुमची केस चालली तेव्हा तो फोटो माझ्याकडे होता. साक्ष द्यायला निघालो त्या सकाळी मी तो बाहेर काढून पाहिला होता, पुन्हा पाकिटात घातला होता, आणि कपाटाला कुलूप लावून किल्ली खिशात टाकून मी कोर्टात आलो होतो.